एका लहान शब्दापायी



पवित्र साक्रामेंताच्या आशीर्वादाच्या वेळी आपण गुडघे टेकून ‘तान्तुम एर्गो’ म्हणतो. कोठे ते लॅटिनमध्ये म्हणतात, कोठे आपल्या भाषेत. परंतु चाल ओळखीची असते आणि धुपाचा वासही तोच असतो. हे स्तोत्र तेराव्या शतकातील थोर ईशज्ञानी संत थॉमस अक्वायनस ह्यांच्या एका मोठ्या स्तोत्राचा शेवटचा भाग आहे, हे आपल्यांतील पुष्कळांस ठाऊक असेल. ह्या संताच्या स्तोत्रांचा एका यंत्राशी काय संबंध आला, हे मात्र फारसे कोणास ठाऊक नसावे. आजचा लेख त्याविषयी आहे.

१९५१ साली इटलीतील मिलान शहरी एक लहानसे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात संत थॉमस ह्यांच्या स्तोत्रांतील शब्द अकारविल्हे लावले होते आणि प्रत्येक शब्द कोणत्या ओळीत, कोणत्या शब्दांच्या सोबतीने आला आहे हे त्यापुढे दिले होते. अशी सूची पूर्वी कोणी केली नव्हती असे नव्हे. नवल होते ते ती तयार करण्याच्या रीतीचे. विमा कंपन्यांचे हप्ते, कारखान्यांतील पगार आणि बँकांचे हिशेब करण्यासाठी जी यंत्रे वापरीत, त्याच यंत्रांकडून हे शब्द निवडून, लावून, छापून घेतले होते. यंत्राने आकडे मोजावे हे जगाने तोवर पाहिले होते; यंत्राच्या हाती स्तोत्र देणारा मनुष्य नवा होता. तो एक येशूसंघीय धर्मगुरू होता. त्यांचे नाव फादर रोबेर्तो बूसा.

आज घरातील लहान मुलगाही मोबाईलवर एक शब्द लिहितो आणि तो शब्द जेथे जेथे आला आहे ती पाने क्षणात पुढे येतात. हे सामर्थ्य एका माणसाने निर्माण केले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. तथापि भाषेचे काम यंत्राकडून करून घेता येईल हा विचार ज्या मोजक्या लोकांनी प्रथम मनात धरला आणि तो तडीस नेला, त्यांत फादर बूसांची गणना आज सर्वत्र केली जाते.

त्यांचा जन्म नोव्हेंबर १९१३ मध्ये व्हिचेन्झा येथे झाला. पाच भावंडांतील ते दुसरे. वडील रेल्वेत स्टेशनमास्तर असल्यामुळे बिऱ्हाड आज ह्या गावी तर उद्या त्या गावी असे हलत असे. १९२८ साली ते बेल्लूनो येथील सेमिनरीत दाखल झाले. तेथे त्यांच्या वर्गसोबत्यांत अल्बीनो लुचानी नावाचा एक मुलगा होता. तोच पुढे १९७८ साली पहिले जॉन पॉल ह्या नावाने पोपपदावर बसला आणि अवघ्या ३३ दिवसांत देवाघरी गेला. बूसांनी १९३३ साली येशूसंघात प्रवेश केला आणि ३० मे १९४० रोजी त्यांना गुरुदीक्षा मिळाली. युरोपात तेव्हा महायुद्ध पेटले होते. तरुण फादरांना काही काळ सैन्यात धर्मगुरू म्हणून आणि पुढे प्रतिकार करणाऱ्या टोळ्यांबरोबरही राहावे लागले.

त्या सुमाराची एक गोष्ट ते म्हातारपणी हसत हसत सांगत. वरिष्ठांनी त्यांस विचारले, ‘‘फादर, आपणांस प्राध्यापक व्हावयास आवडेल काय?’’ ह्यांनी उत्तर दिले, ‘‘मुळीच नाही.’’ वरिष्ठ म्हणाले, ‘‘उत्तम. तरीही आपण प्राध्यापकच होणार आहात.’’ आज्ञाधारकतेचे व्रत घेतलेल्या मनुष्यास ह्यावर बोलावयास जागा नसते. फादर रोमला ग्रेगोरियन विद्यापीठात गेले आणि संत थॉमस ह्यांच्या तत्त्वज्ञानावर प्रबंध लिहू लागले. पुढे मिलानजवळच्या गाल्लाराते गावी येशूसंघाच्या विद्यालयात त्यांनी अध्यापन केले आणि ग्रंथालयही सांभाळले.

प्रबंधाचा विषय होता ‘उपस्थिती’. देव वस्तुमात्रात उपस्थित आहे, आत्मा स्वतःच्या ठायी उपस्थित आहे, असे आपण म्हणतो, तेव्हा संत थॉमस ह्यांना नेमके काय अभिप्रेत होते? कोणाही विद्यार्थ्याने केले असते तेच फादरांनी केले. लॅटिनमध्ये उपस्थितीसाठी जे ठळक शब्द आहेत ते त्यांनी थॉमस ह्यांच्या ग्रंथांत शोधून काढले. शोध संपला तेव्हा हाती फारसे लागले नव्हते. तो मोठा शब्द संताने ह्या अर्थी क्वचितच योजला होता. मग हा विचार त्यांनी मांडला कशाने? फादर पुन्हा वाचू लागले, आणि हळूहळू ध्यानात आले की सारा भार ‘इन’ ह्या दोन अक्षरी लॅटिन शब्दावर आहे.

आपल्या मराठीत तर ह्याला स्वतंत्र शब्दही लागत नाही. ‘घर’चे ‘घरात’ होते, ‘मन’चे ‘मनात’, ‘पाणी’चे ‘पाण्यात’. शाळेत आपण ‘त, ई, आ’ असे घोकून सप्तमीचे प्रत्यय पाठ करतो आणि विसरून जातो. परंतु ‘देव आणि मी’ ह्याऐवजी ‘देवात मी’ असे म्हणून पाहा. एका ‘त’ने केवढे अंतर पडते! फादर बूसांना हेच दिसले. संताचा विचार मोठ्या शब्दांच्या मागे लपलेला नव्हता. कोणी ज्यांकडे पाहत नाही त्या लहान शब्दांत तो उघड्यावर पडलेला होता.

आता अडचण अशी की अशा शब्दांची सूची कोठेच नव्हती. थॉमस ह्यांच्या ग्रंथांना पंधराव्या शतकापासून सूची होत्या. बेर्गामोच्या पेत्रुस ह्यांची सूची तर प्रसिद्धच आहे. परंतु त्या विषयांच्या आणि भारदस्त शब्दांच्या होत्या. ‘आणि’, ‘परंतु’, ‘मध्ये’, ‘मी’, ‘तो’ ह्यांची यादी करण्यात शहाण्या माणसाने का वेळ घालवावा? फादरांनी घालवला. ‘इन’ अथवा त्याच्याशी संबंध असलेला शब्द ज्यात आहे असे प्रत्येक वाक्य त्यांनी स्वतःच्या हाताने एकेका लहान पत्रावर लिहून काढले. अशी सुमारे १०,००० पत्रे झाली. ती मेजावर मांडावी, गोळा करावी, पुन्हा निराळ्या क्रमाने मांडावी, असे चाले. ह्या उद्योगाला ते एकट्याने खेळावयाचा पत्त्यांचा खेळ म्हणत. प्रबंध १९४६ साली पुरा झाला आणि १९४९ साली प्रसिद्धही झाला, परंतु त्यांची झोप उडाली होती. एका शब्दाला १०,००० पत्रे, तर सर्व शब्दांचे काय?

सूची नसली म्हणजे काय होते हे मला पॅरिशच्या कचेरीत बसून चांगले कळते. कोणी वृद्ध मनुष्य आजोबांच्या बाप्तिस्म्याचा दाखला मागावयास येतो. साल विचारले तर म्हणतो, ‘‘मोठा पूर आला त्याच्या आगेमागे.’’ नोंदवही सालवार असते, नावांप्रमाणे नसते. मग जीर्ण पाने एकेक करून उलटावयाची, आणि आजोबा सापडले तर सापडले. नाव तेथे असते, शाई फिकी झाली तरी असते. केवळ त्याच्यापर्यंत जाणारी वाट नसते. सूची म्हणजे ती वाट होय. तेराव्या शतकात पॅरिस येथे दोमिनिकी संघाच्या ह्यू दे सेंत-शेर ह्यांनी बायबलची अशी मोठी शब्दसूची करविली, तेव्हा त्या कामी पाचशे संन्यासी बसविले होते असे परंपरा सांगते. फादर बूसांजवळ पाचशे संन्यासी नव्हते. आणि काम कितीतरी मोठे होते. संपूर्ण बायबलात इंग्रजी भाषांतरानुसार आठ लक्षांच्या आसपास शब्द भरतात. थॉमस ह्यांचे लेखन त्याच्या दहापटीहून अधिक आहे. हे सर्व त्या पुरुषाने पन्नाशीच्या आत लिहून संपविले आणि १२७४ साली देह ठेवला, हे निराळेच आश्चर्य.

म्हणून फादर यंत्र शोधू लागले. १९४९ साली ते अमेरिकेस गेले आणि पंचवीसएक विद्यापीठांत जाऊन विचारून आले, की शब्द निवडून लावणारे यंत्र आपल्याकडे आहे काय? नव्हते. अखेर त्यांना न्यूयॉर्क येथील आय.बी.एम. कंपनीची वाट दाखविण्यात आली. हिशेबाची यंत्रे बनविणारी ती जगातील सर्वांत बलाढ्य कंपनी आणि तिचे प्रमुख थॉमस वॉट्सन. वय पंचाहत्तर, स्वभाव करारी.

पुढचा प्रसंग फादरांनी स्वतः अनेकदा सांगितला आहे, म्हणून तो त्यांच्याच सांगण्याप्रमाणे देतो. भेटीची वाट पाहत ते बाहेरच्या दालनात बसले होते. तेथे कंपनीचे एक घोषवाक्य छापलेले लहानसे पत्रक होते: अवघड काम आम्ही ताबडतोब करतो, अशक्य कामाला थोडा अधिक वेळ लागतो. फादरांनी ते उचलून जवळ ठेवले. आत गेल्यावर वॉट्सनसाहेबांनी सरळ सांगितले, की आमच्या तज्ज्ञांनी आपली मागणी तपासली आहे. आपण म्हणता ते ह्या यंत्रांना शक्य नाही. फादरांनी काही न बोलता ते पत्रक त्यांच्या पुढ्यात ठेवले. स्वतःच्या घरचीच वस्तू समोर आलेली पाहून म्हातारा विरघळला. म्हणाला, ‘‘बरे तर, फादर, प्रयत्न करू. मात्र एक अट आहे. आमच्या नावातील ‘बी’ हा ‘बिझनेस’चा आहे, तो आपण ‘बूसा’चा करावयाचा नाही!’’

सेमिनरीत आम्हांला वादविवादाचे तंत्र शिकविले होते. तथापि एवढ्या थोडक्यात जिंकलेला वाद माझ्या ऐकिवात नाही. वॉट्सन ह्यांनी पॉल टॅस्मन नावाचा आपला एक अनुभवी अभियंता फादरांच्या मदतीस दिला आणि यंत्रांचे साहाय्य विनामूल्य केले. दोन वर्षांत स्तोत्रांचे ते पुस्तक निघाले. मोठ्या कामाची ती रंगीत तालीम होती.

ही यंत्रे आजच्या संगणकासारखी नव्हती, हे ध्यानात घ्यावयास हवे. त्यांचे सारे काम जाड कागदाच्या पत्रांवर चाले. पत्र आपल्या पोस्टकार्डापेक्षा थोडे लांबट असे आणि त्यावर ऐंशी उभे रकाने. प्रत्येक रकान्यात एक अक्षर; मात्र ते शाईने लिहावयाचे नाही, ठरलेल्या जागी लहान छिद्र पाडून दाखवावयाचे. म्हणून त्यांना छिद्रपत्रे म्हणू. टंकलेखनयंत्रासारख्या कळा दाबल्या म्हणजे छिद्रे पडत. प्रथम ग्रंथातील एकेक ओळ अशी पत्रावर उतरवावयाची. मग दुसऱ्या यंत्राने त्या ओळीतील प्रत्येक शब्दाचे वेगळे पत्र करावयाचे, आणि त्यावर तो कोणत्या ग्रंथातील, कितव्या ओळीतील, हेही छिद्रांनी नोंदवावयाचे. त्यानंतर तिसरे यंत्र ही पत्रे झरझर खाली सोडी आणि अक्षर पाहून ज्या त्या खणात टाकी. असे अक्षरामागून अक्षर अनेकदा केले म्हणजे शब्द अकारविल्हे लागत.

म्हणजे यंत्राचे काम मांडण्याचे. पहिली छिद्रे माणसाच्याच हाताने पडावयास हवीत, आणि तेथे एक चूक झाली की ती पुढे कोठवर जाईल ह्याचा नेम नाही. हे हात कोणाचे होते?

ते होते गाल्लारातेच्या परिसरातील तरुण मुलींचे. तो भाग कापडगिरण्यांचा. १९५४ साली फादरांनी तेथे छिद्रपत्रे तयार करण्यास शिकविणारी एक शाळा काढली. प्रवेशाची अट अशी की ही त्या मुलीची पहिलीच नोकरी असावी. महिनाभर परीक्षा चाले आणि पाचांतून एकीचीच निवड होई. निवड झालेलीस चार सहामाह्यांचे शिक्षण, रोज आठ तास. शिकणे म्हणजे खऱ्याच ग्रंथांची पत्रे करणे. एकीने पत्र केले की दुसरीने तोच मजकूर तपासणीच्या यंत्रावर पुन्हा उतरवावयाचा; दोहोंत फरक पडला की यंत्र अडे. लॅटिन त्यांना येत नव्हती. पुढे मृत समुद्राजवळच्या गुहांत सापडलेल्या प्राचीन गुंडाळ्यांचेही काम फादरांनी घेतले, तेव्हा ह्याच मुलींकडे हिब्रू मजकूर आला. फादरांनी लिहून ठेवले आहे की लॅटिनवरून हिब्रू अथवा रशियन लिपीवर जावयास त्यांना दोन आठवडे पुरत, आणि त्यासाठी ती लिपी शिकवावीही लागत नसे. डोळ्यांनी आकार ओळखावयाचा आणि बोटांनी कळ दाबावयाची. १९६० नंतरच्या वर्षांत हे सारे एका जुन्या कापडकारखान्याच्या इमारतीत चाले. जेथे पूर्वी सूत होते तेथे आता संत थॉमस ह्यांची वाक्ये होती.

मुलीच का? फादरांच्या एका शिष्याने सांगितले आहे की ह्याचे कारण त्यांनी विचारले असता फादर म्हणाले, मुली पुरुषांपेक्षा अधिक काळजीने काम करतात. ही प्रशंसा खरी आहे, परंतु अपुरी आहे. काळजीने काम करणारीला काळजीचेच काम द्यावयाचे आणि विचाराचे काम इतरत्र ठेवावयाचे, ही रीत त्या काळी युरोपातही रूढ होती. ही शाळा १९६७ पर्यंत चालली. फादर नमूद करतात की शिक्षण पुरे होण्यापूर्वीच कारखानदार ह्या मुलींना नोकरीसाठी मागणी घालीत. गिरणीत जन्म काढावा लागला असता अशा कित्येकींना ह्या छिद्रांतून एक निराळी वाट सापडली, हेही न्यायाने सांगितले पाहिजे.

कामाचा पसारा किती वाढला होता, त्याचा हिशेब फादरांनीच दिला आहे. छिद्रपत्रांची संख्या कोटीच्या वर गेली. ती रचून ठेवली असता ९० मीटर लांब, सव्वा मीटरच्या आतबाहेर उंच आणि एक मीटर रुंद अशी भिंत झाली असती, आणि तिचे वजन ५०० टन भरले असते. देवाने दया करून माणसाला चुंबकीय फिती काढण्याची बुद्धी दिली, असे ते ह्यावर म्हणत. मग सारा मजकूर अशा १,८०० फितींवर गेला; प्रत्येक फीत २,४०० फुटांची. काम गाल्लारातेहून पिसा येथे गेले, तेथून अमेरिकेत कोलोरॅडो संस्थानातील बोल्डर येथे, आणि मग परत इटलीत, व्हेनिसला. यंत्रे जुनी होत, नवी येत, आणि फादर त्या नव्यांच्या मागे जात.

एक अडचण मात्र नव्या यंत्रानेही सुटत नव्हती. ‘जातो’, ‘गेला’ आणि ‘जाईन’ ही एकाच क्रियापदाची रूपे आहेत हे आपल्या घरातील चार वर्षांच्या मुलाला न शिकविता कळते. यंत्राला ते कळत नाही. त्याच्या दृष्टीने ‘गेला’ आणि ‘जाईन’ ह्यांत एकही अक्षर सारखे नाही. उलट ‘वर’ हा शब्द घ्या. वर म्हणजे नवरा, वर म्हणजे देणगी, आणि वर म्हणजे छपरावर! यंत्राला तिन्ही एकच. लॅटिनमध्ये असे शब्द सहस्रावधी आहेत. ते प्रत्येक ठिकाणी पाहून, वाक्य वाचून, ‘हा ह्या कुळातील’ असे माणसाने ठरवावे लागले. फादर आणि त्यांचे सहकारी ह्यांची कित्येक वर्षे ह्यातच गेली.

अखेर जर्मनीतील श्टुटगार्ट येथून १९७४ पासून एकेक खंड बाहेर पडू लागला आणि १९८० साली काम संपले. ‘इंडेक्स थोमिस्टिकस’ हे त्या ग्रंथाचे नाव. खंड ५६, शब्द १ कोटी ६ लक्षांहून अधिक, त्यांत संत थॉमस ह्यांच्या ग्रंथांबरोबर त्यांच्याशी निगडित अशा इतर लेखकांचेही काही ग्रंथ आले. वॉट्सनसाहेबांच्या दालनात ते पत्रक उचलले त्याला तेव्हा एकतीस वर्षे झाली होती. वॉट्सन १९५६ सालीच वारले होते. ‘‘अशक्य कामाला थोडा अधिक वेळ लागतो’’ ह्यातील ‘थोडा’ किती, हे पाहावयास ते राहिले नाहीत.

पुढे १९८९ साली हे सर्व एका चकतीवर आले. ५०० टनांच्या पत्रांचा मजकूर तळहातावर मावू लागला. २००५ पासून तो इंटरनेटवर सर्वांस खुला आहे. मी मराठी मुलखातील एका खेड्यात बसून त्यात ‘इन’ शोधू शकतो, आणि एकदा शोधूनही पाहिला. एवढी स्थळे पुढे आली की मी हात जोडले आणि यंत्र बंद केले. फादरांनी त्यांतील दहा हजार हातांनी लिहिली होती.

हिशेबातील आणखी एक बाब मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ह्या कामी यंत्रे किती तास चालली आणि माणसे किती तास खपली, हे फादरांनी १९८० साली सांगितले. यंत्रांचे तास दहा हजारांहून कमी. माणसांचे तास दहा लक्षांहून अधिक! ज्याला लोक यंत्रयुगाचा अग्रदूत म्हणतात त्याचा हा ताळेबंद आहे. संगणक आला की माणसाला काम उरणार नाही, ह्या भीतीने पुष्कळ आईबाप माझ्याकडे येतात. मुलाला काय शिकवावे असे विचारतात. फादर बूसांचे मत असे होते की भाषेच्या अभ्यासात संगणक आणावयाचा तो श्रम वाचविण्यासाठी नव्हे. त्याच्यामुळे अधिक श्रम, अधिक खोलवर विचार आणि अधिक पद्धतशीर शोध करणे भाग पडते, म्हणून आणावयाचा. हे उत्तर सर्व धंद्यांस लागू पडेल असे मी म्हणणार नाही. गिरणीतील कामगाराला ते ऐकवावयास माझी जीभ रेटणार नाही. परंतु जेथे शब्दाचा अर्थ लावावयाचा आहे तेथे ते अद्याप खरे आहे असे वाटते.

फादर उतारवयातही कामातून निवृत्त झाले नाहीत. ज्याला आज्ञावली लिहिता येते तो बुद्धिमान. मग आज्ञावली लिहिणाऱ्या आज्ञावली ज्याला लिहिता येतात तो त्याहून वरचा, असे ते म्हणत, आणि तेथून त्यांचे बोलणे सृष्टीच्या कर्त्याकडे वळे. ह्या क्षेत्रातील जगभरच्या विद्वानांनी त्यांच्या नावाने एक पारितोषिक सुरू केले आणि १९९८ साली पहिले पारितोषिक त्यांनाच दिले. ९ ऑगस्ट २०११ रोजी गाल्लाराते येथे त्यांनी देह ठेवला. वय ९७.

त्यांच्याविषयी जे जे लिहिले गेले त्यात वॉट्सन ह्यांचे नाव असते, टॅस्मन ह्यांचे असते, पोप झालेल्या वर्गसोबत्याचे असते. त्या मुलींची नावे मात्र अनेक वर्षे कोणी विचारली नाहीत. ज्या पुरुषाने, सर्वांनी ओलांडून टाकलेल्या दोन अक्षरी शब्दासाठी जन्म वेचला, त्याच्या कीर्तीच्या कथेत हे व्हावे, ह्याचे मला वाईट वाटते. मी फादरांस दोष देण्याइतका त्यांच्याहून चांगला नाही. आमच्या चर्चच्या कोनशिलेवरही महागुरुस्वामींचे आणि देणगीदारांचे नाव आहे. डोक्यावरून रेती वाहणाऱ्या बायांचे नाही. आपल्या भागातील कितीतरी मुली आज शहरात जाऊन दिवसभर संगणकावर नोंदी भरतात. त्या काय भरतात, हे त्यांच्या घरी जेवावयास बसल्यावर आपण कधी विचारले आहे काय?

२०१३ साली लंडन येथील विदुषी मेलिसा टेरास ह्यांनी, ह्या मुली कोण होत्या असा प्रश्न जाहीरपणे मांडला आणि त्यांची छायाचित्रे प्रसिद्ध केली. पुढल्याच वर्षी जुलिअॅन नायहन ह्यांनी फादरांचे शिष्य मार्को पास्सारोत्ती ह्यांच्या साहाय्याने त्यांतील काहींना शोधून काढले आणि त्यांच्या मुलाखती घेतल्या. त्या आता आजीच्या वयाच्या झाल्या होत्या. नायहन ह्यांनी पुढे ह्यावर स्वतंत्र ग्रंथही लिहिला.

फादरांचे सारे कागद मिलानच्या कॅथोलिक विद्यापीठात जपून ठेवले आहेत. त्यांत ती छायाचित्रेही आहेत. यंत्रे ओळीने मांडली आहेत आणि त्यांपुढे मुली बसल्या आहेत. काही चेहऱ्यांना आता नावे मिळाली आहेत. काहींच्या जागा अद्याप कोऱ्या आहेत.